विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड: आधी माइल्सचा खरेदीभाव काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षातून तीन-चार वेळा विमानप्रवास होतो, त्यातल्या दोन फेऱ्या एकाच कंपनीच्या विमानाने. त्या कंपनीने एका बँकेबरोबर काढलेलं क्रेडिट कार्ड समोर आलंय. पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला की एका तिकिटाहून जास्त माइल्स (म्हणजे पुढची तिकिटं काढायला वापरता येणारे त्या कंपनीचे पॉइंट्स) बोनस, शिवाय बॅग फुकट, लाउंज वगैरे. वार्षिक फी मात्र चांगलीच टोचणारी. बिल दरमहा पूर्ण भरलं जातं आणि सध्या हातात एक टक्का कॅशबॅक देणारं, बिनफीचं साधं कार्ड आहे. नवं घ्यावं का?

मी अकरा वर्षं बँकांच्या कार्ड विभागात काढली आणि नंतर लोकांच्या घरच्या हिशेबाचा सल्ला देण्याच्या कामाला लागले. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून हा प्रश्न ऐकलाय. माझ्या मते यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, बोनससाठी पहिलं वर्ष हे कार्ड घ्यावं का. दुसरा, त्यानंतर रोजचा खर्च याच कार्डावर करत राहावं का. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा 'हो' येतं आणि दुसऱ्याचं बऱ्याचदा 'नाही'. कार्ड विकणाऱ्याचा सगळा खटाटोप असतो तो पहिल्याच्या जोरावर दुसरा खपवण्याचा.

त्याआधी एक अट. बिल पूर्ण भरलं जातं असं तुम्ही लिहिलंय म्हणून पुढचं सांगते. ज्यांचं बिल अधूनमधून मागे राहतं, त्यांनी इथेच थांबावं. कार्डावरचं बक्षीस खर्चाच्या एक-दोन टक्के असतं, आणि थकबाकीवरचं व्याज अनेक देशांत वर्षाला २० टक्क्यांच्या वर. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की बहुतेक बँकांमध्ये पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे नवा खर्च पहिल्या दिवसापासून व्याज खाऊ लागतो. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून माइल्स जमवणारी माणसं मी पाहिली आहेत. आवळा घेऊन कोहळा देण्याचा तो प्रकार.

आता मुद्द्याचं. माइल्स फुकट मिळतात, ही समजूत आधी डोक्यातून काढा. तुमच्याकडे एक टक्का कॅशबॅकचं कार्ड आधीच आहे. तो खर्च नव्या कार्डावर वळवला की तो एक टक्का बुडाला. वर फी. ही दोन्ही रक्कम मोजून तुम्ही माइल्स विकत घेताय. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: एक माइल तुम्हाला पडला केवढ्याला?

समजावण्यापुरते आकडे घेऊ, चलन कोणतंही धरा. वर्षाचा कार्डावरचा खर्च ५,००,०००. जुन्या कार्डावर त्याचे ५,००० कॅशबॅक आले असते. नवं कार्ड दर १०० ला २ माइल्स देतं, म्हणजे १०,००० माइल्स. फी २,५००. बुडालेले ५,००० आणि फीचे २,५०० मिळून ७,५०० मोजले आणि १०,००० माइल्स घेतले. एक माइल पडला ०.७५ ला.

आता विक्रीभाव. तुम्ही खरंच जाणार आहात अशा एका फेरीची तारीख घ्या आणि तेच विमान पैशात केवढ्याला आणि माइल्समध्ये केवढ्याला, हे शेजारी-शेजारी लिहा. समजा पैशात ८,०००. माइल्समध्ये १०,००० माइल्स आणि वर कर-शुल्काचे १,५००. म्हणजे १०,००० माइल्सनी वाचवले ६,५००, एका माइलचे ०.६५. घेतला ०.७५ ला, विकला ०.६५ ला. वर्षाअखेर हजाराचा तोटा. आणि तोही तिकीट 'फुकट' मिळाल्याच्या आनंदात.

हा हिशेब करताना लोक दोन ठिकाणी हमखास फसतात. एक म्हणजे ते कर-शुल्क वजा करायचं विसरतात. काही कंपन्या माइल्सच्या तिकिटावरही इंधन अधिभार लावतात, आणि लांबच्या प्रवासात तो इतका असतो की सवलतीतलं साधं तिकीट जवळपास तेवढ्यातच येतं. दुसरं, माइल्सची किंमत बिझनेस क्लासच्या तिकिटावरून काढणं. बिझनेसचं तिकीट पैशात प्रचंड महाग, माइल्समध्ये त्यामानाने बरं, त्यामुळे दर माइलचा भाव दोन-तीन पट दिसतो. पण तुम्ही खिशातून पैसे घालून ते तिकीट कधी काढलं असतं का? नसेल, तर तो भाव तुमचा नाही. मी अशा वेळी 'या प्रवासासाठी जास्तीत जास्त किती मोजाल' असं विचारते आणि तोच आकडा हिशेबात धरते. बिझनेसच्या प्रवासाची हौस असेल तर ती जरूर करावी, मात्र तिला बचत म्हणू नये.

आता सवलती. वरच्या उदाहरणात कंपनी बॅगेचे दर वेळी ५०० घेते असं धरा. दोन फेऱ्या म्हणजे चार उड्डाणं, २,०००. ते तुम्ही एरवीही भरतच होता, म्हणून ही खरी बचत. ७,५०० मधून वजा केली की उरले ५,५००, माइल पडला ०.५५ ला आणि पारडं फिरलं: वर्षाला हजाराचा फायदा. म्हणजे निकाल बॅगेवर ठरला, माइल्सवर नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक हिशेबांत हेच झालंय. पण जो माणूस पाठीवरच्या एका पिशवीवर प्रवास करतो, किंवा ज्याच्या तिकिटात बॅग धरलेलीच असते, त्याच्यासाठी या सवलतीची किंमत शून्य. तिच्या अटीही वाचा: तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं का, सोबतच्या माणसाला लागू आहे का, परतीच्या टप्प्यात दुसऱ्या कंपनीचं विमान असेल तर चालतं का.

लाउंजचं थोडक्यात सांगते. पत्रकात छापलेली किंमत धरू नका. तिथे बसायला तुम्ही स्वतः किती दिले असते तेवढीच धरा. हल्ली बऱ्याच ठिकाणी आधीच्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच आत सोडतात, तेही पाहा. लवकर बोर्डिंगला मी शून्य देते. सगळे एकाच वेळी पोचतात.

माइल्स मिळण्याच्या बाजूलाही बारीक अक्षरं फार. दर १०० ला २ हा आकडा सगळ्या खर्चाला लागू असेल असं समजू नका. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी देणी, विमा यांतलं काही ना काही बहुतेक कार्डांत वगळलेलं असतं किंवा त्यावर मर्यादा असते. त्या कंपनीच्या तिकिटांवर तिप्पट-चौपट माइल्स असं जाहिरातीत म्हटलेलं असतं, त्यात एक गोम आहे, आणि ती मी स्वतःच्या स्टेटमेंटवर शिकले. कार्ड घासलं की दुकानाची ओळख बँकेला एका चार आकडी कोडने कळते. मोठ्या विमान कंपन्यांना तीन हजारांच्या मालिकेतले स्वतःचे कोड असतात, इतर विमान कंपन्यांसाठी ४५११ आणि प्रवासी एजन्सीसाठी ४७२२. मी घाईत एका बुकिंग साइटवरून तिकिटं काढली. विमान त्याच कंपनीचं, कार्डही त्याच कंपनीचं. महिनाअखेर पाहते तर साधे माइल्स. फोन केला तेव्हा समोरच्या मुलीने शांतपणे वाचून दाखवलं: व्यवहार एजन्सीच्या कोडवर पडलाय. नियमात ते लिहिलेलं होतं, आणि मी कार्ड विभागात काम केलेली बाई! तेव्हापासून ज्याचे माइल्स हवेत त्याच्याच साइटवर पैसे भरते.

परदेशात जाणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. कार्डावर विमानाचं चित्र असलं तरी परकीय चलनातल्या खर्चावर अनेक कार्डं दोन ते साडेतीन टक्के शुल्क लावतात. दोन टक्क्यांचे माइल्स मिळवायला तीन टक्के मोजण्यात काय हशील? असा प्रवास जास्त असेल तर बिनशुल्काचं कार्ड आधी शोधा. आणि परदेशी दुकानातलं मशीन 'तुमच्या चलनात पैसे घेऊ का' असं विचारतं तेव्हा नाही म्हणून तिथलंच चलन निवडा. त्या सोयीचा भाव आणखी वाईट असतो.

आता हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते सांगते, कारण एका देशातला सल्ला दुसऱ्या देशात सरळ लागू होत नाही. कार्डाने पैसे भरले की दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्काचा एक भाग तुमच्या बँकेला मिळतो. बँक त्यातून विमान कंपनीकडून माइल्स घाऊक भावात विकत घेते आणि तुम्हाला देते. म्हणून तो भाग जिथे मोठा, तिथे बक्षिसं मोठी. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर तो ०.३ टक्क्यावर बांधला. एवढ्याशा पैशात बँक तरी काय वाटणार? अमेरिकेत क्रेडिट कार्डांवर अशी मर्यादा नाही, त्यामुळे तिथल्या बोनसचे आकडे बघून आपल्याकडचं कार्ड जोखलं तर हिरमोडच व्हायचा.

या व्यवहाराचा आकार केवढा आहे, हे २०२० मध्ये दिसलं. विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली माइल्स योजना तारण ठेवून कर्ज उभं केलं. त्या वेळी योजनेचं मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर मांडलं होतं, आणि शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून बरीच कमी होती. डेल्टा या अमेरिकेतल्याच विमान कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीबरोबरच्या करारातून ६.८ अब्ज डॉलर मिळाले. माइल्स विकणं हाच एक मोठा धंदा आहे, आणि माल छापणाराही तोच, त्याचा भाव ठरवणाराही तोच.

भाव ठरवणारा तोच, या गोष्टीकडे माझे अशील सगळ्यांत जास्त दुर्लक्ष करतात. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना आणली तेव्हा जितके मैल उडाल तितके खात्यात, आणि अमुक मैलांना अमुक तिकीट, असा सरळ तक्ता होता. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने माइल्स अंतरावर देणं सोडून तिकिटाच्या पैशांवर द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी अमेरिकनने. डेल्टाने २०१५ मध्येच बक्षीस तिकिटांचा तक्ताही काढून टाकला, २०१९ मध्ये युनायटेडने. आता अनेक योजनांत माइल्सचा भाव रोखीच्या भावाबरोबर वरखाली होतो. सुट्ट्यांच्या गर्दीत रोखीचं तिकीट दुप्पट झालं की माइल्सचंही दुप्पट.

एका गृहस्थांनी सहा वर्षं माइल्स साठवले होते, चौघांच्या लांबच्या प्रवासासाठी. वहीत तारखांसकट नोंदी. मी दरवर्षी म्हणायचे, निम्मे तरी वापरा. ते म्हणायचे, थोडेच राहिलेत. मग एका वर्षी योजनेचे नियम बदलले आणि चौघांपुरते झालेले माइल्स तिघांपुरते उरले. पैसे साठवले असते तर निदान व्याज तरी आलं असतं. माइल्सवर व्याज नाही, उलट मुदत असते, आणि खात्यात ठरावीक काळ हालचाल नसली तर कित्येक योजनांत ते सगळेच जातात.

कंपनी बुडाली तर काय, हाही प्रश्न उगाच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये एअर बर्लिनने दिवाळखोरी जाहीर केली आणि काही दिवसांतच तिची टॉपबोनस योजनाही त्याच वाटेने गेली. लोकांच्या खात्यात आकडे होते, पण त्यांचं करायचं काय? एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली तेव्हा जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे तिच्या सभासदांचे माइल्स टिकले, पुढे तिचं नाव इंटरमाइल्स झालं. मात्र ज्या विमानासाठी ते जमवले होते, ते विमानच राहिलं नाही. म्हणून माझा नियम: पुढच्या वर्ष-दीड वर्षात वापरता येतील तेवढेच माइल्स खात्यात असावेत.

या जोखमीमुळे मी बऱ्याच जणांना एका विमान कंपनीच्या कार्डाऐवजी बँकेचे स्वतःचे पॉइंट्स देणारं कार्ड सुचवते. ते पॉइंट्स लागतील तेव्हा वेगवेगळ्या विमान कंपन्यांच्या खात्यात पाठवता येतात, त्यामुळे एकीने भाव वाढवला तर दुसरीकडे वळता येतं. पण तिथेही एक फट आहे. एकदा पाठवले की परत येत नाहीत. मला एका तारखेला दोन सीट दिसत होत्या, मी लगेच पॉइंट्स पाठवले. ते पोचायला दोन दिवस लागले आणि तोवर सीट गेल्या. ते माइल्स पुढे चौदा महिने त्या खात्यात पडून होते. आता मी आधी पॉइंट्स पोचायला किती वेळ लागतो ते पाहते आणि कंपनी सीट धरून ठेवू देते का, तेही विचारते.

सीटचा प्रश्न विमान कंपनीच्या कार्डालाही आहेच. फॉर्म भरण्याआधी एवढं एकच काम करा: त्या कंपनीच्या साइटवर सभासद व्हा, त्याला पैसे लागत नाहीत, आणि तुम्हाला ज्या तारखांना खरोखर जायचं असतं त्या तारखा टाकून माइल्समध्ये तिकीट दिसतं का ते बघा. चार-पाच वेगवेगळ्या तारखा. मुलांच्या सुट्ट्यांना बांधलेल्या माणसाला हे करताना फार लवकर उत्तर मिळतं. ज्याला मंगळवारी दुपारच्या विमानाने जाता येतं, त्याच्यासाठी हीच योजना सोन्यासारखी असू शकते. तिकिटं दिसतच नसतील तर बोनसचा आकडा कितीही मोठा असो, ती बाजारात तुरी.

आता तुमच्याबद्दल. बोनस १५,००० माइल्सचा धरला आणि माझ्या उदाहरणातला ०.६५ चा भाव लावला तर ९,७५० होतात. पहिल्या वर्षाची फी आणि सोडलेला कॅशबॅक धरूनही हिशेब जमतो, अट एवढीच की तो ठरावीक खर्च तुमच्या नेहमीच्या खर्चातूनच होत असावा. बोनस गाठायला तिसऱ्या महिन्यात नको ती खरेदी करू नका. मुदत बऱ्याचदा कार्ड मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजतात, हातात पडल्यापासून नाही, आणि परत केलेल्या वस्तूची रक्कम त्यातून वजा होते. त्यामुळे काठावर थांबू नका, थोडं जास्तच होऊ द्या. पुढच्या वर्षभरात गृहकर्ज वगैरे घ्यायचं असेल तर मात्र नवीन कार्डाचा अर्ज आत्ता करू नका, पत अहवालात त्याची नोंद होते.

दुसऱ्या वर्षापासून निकाल तुमच्या बॅगेवर आहे. त्या दोन फेऱ्यांना तुम्ही बॅगेचे पैसे भरत असाल तर कार्ड स्वतःची बरीचशी फी भरून काढेल, पण तेव्हाही रोजचा खर्च त्यावर न्यायची गरज नाही. वरच्या हिशेबात फी सोडून नुसता बुडालेला कॅशबॅक पाहिला तर माइल ०.५० ला पडतो आणि ०.६५ ला विकला जातो. हे अंतर तुमच्या खऱ्या आकड्यांत इतकं राहिलं तर खर्च वळवा, नाहीतर त्या कार्डावर फक्त विमानाची तिकिटं काढा आणि बाकी सगळं जुन्या कॅशबॅकवर चालू द्या. बॅगेचे पैसे भरतच नसाल तर दुसऱ्या वर्षी ते ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

कार्ड घेतलंत तर त्याच दिवशी फोनमध्ये अकराव्या महिन्याची एक आठवण लावा. फी लागण्याआधी बँकेला फोन करून सांगा की कार्ड बंद करायचा विचार आहे, फी माफ होते का. मी कार्ड विभागात असताना अशा फोनसाठी आमच्याकडे वेगळी माणसं बसलेली असायची आणि त्यांना थोडं देण्याचा अधिकार असायचा. कधी फी माफ, कधी निम्मी, कधी तेवढ्याच किमतीचे माइल्स. काहीच मिळालं नाही तर बंद करा. विमान कंपनीच्या खात्यात जमा झालेले माइल्स कार्ड बंद झाल्यावरही सहसा तिथेच राहतात. बँकेच्या पॉइंट्सचं तसं नाही, ते कार्डाबरोबर जाऊ शकतात, म्हणून आधी वापरा आणि मग फोन करा. शेवटच्या स्टेटमेंटचे माइल्स खात्यात चढलेत का ते तपासल्याशिवाय 'बंद करा' म्हणू नका.